मनात एक आकडा धरा

मनकवडेपणाचे खेळ करून पोट भरणारे कलाकार हल्ली आपली विद्या कॅमेऱ्यासमोर बसून शिकवतात. दोन-अडीच तासांचं व्याख्यान असतं, बहुधा इंग्रजीत. पैसे डॉलरमध्ये भरायचे आणि मग जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात बसून पाहायचं. कुठल्याही म्हणजे अगदी राहनाळमध्येसुद्धा. भिवंडीच्या अंजूरफाट्याला लागून असलेल्या या गावात गोदामं इतकी आहेत की माल लावून झाल्यावर खोक्याला पाठ टेकून मोबाइल बघायला जागा कमी पडत नाही. फक्त सुपरवायझर कुठल्या रांगेत आहे ते न बघता ओळखावं लागतं, आणि ते जमत असेल तर व्याख्यानाचे निम्मे पैसे वाचलेच म्हणायचे. बघणाऱ्याची अपेक्षा साधी असते: व्याख्याता आता दुसऱ्याच्या डोक्यात शिरायचा चोरदरवाजा दाखवील. प्रत्यक्षात सगळी गुपितं मिळून वीस मिनिटांत उरकतात. उरलेल्या वेळात उभं कुठे राहायचं, कागद कोणाच्या हातात द्यायचा, लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्या शहाण्या काकांना स्टेजवर का बोलवायचं नाही, वाक्य कुठे तोडायचं आणि तोडल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे सांगितलं जातं. शिकणाऱ्याला वाटतं, आपण फसलो. मला वाटतं, तो फसलेला नाही; त्याला खरा माल मिळालाय, फक्त वेष्टन साधं आहे. कारण मन वाचण्याचं काम कलाकार करतच नाही. ज्याचं मन असतं तोच ते वाचून देतो. ओझं हमाल उचलतो आणि बिल ठेकेदार लावतो, तसा हा व्यवहार आहे, आणि व्याख्यानात शिकवतात ती ठेकेदारी.

हे सिद्ध करायला या धंद्यातला सर्वांत झिजलेला नमुना पुरे आहे. कलाकार म्हणतो, “पन्नासच्या आतली दोन अंकी संख्या मनात धरा. दोन्ही अंक विषम हवेत आणि एकमेकांपेक्षा वेगळे हवेत. म्हणजे समजा पंधरा.” ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला पन्नास आकड्यांचं रान मोकळं दिलंय. आता मोजून बघा. दोन अंकी म्हटल्याबरोबर चाळीस उरले. दोन्ही विषम आणि वेगळे म्हटल्यावर १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७ आणि ३९, एवढे आठच. उदाहरण म्हणून पंधरा वापरून टाकला, त्यामुळे तो कोणी घेत नाही. कलाकाराचा उष्टा आकडा कोण धरणार? शिवाय पंधरा ऐकल्यावर त्याचे शेजारी फार जवळचे वाटतात आणि माणूस विशीच्या पलीकडे सरकतो. तिथे चार आकडे उभे असतात. त्यांतला सदतीस बऱ्याच जणांना आवडतो, पस्तीस काही जणांना. पस्तीसवाला भेटला तर कलाकार घाबरत नाही. तो म्हणतो, “तुम्ही मधेच बदललात, बरोबर?” आणि तो गृहस्थ, ज्याने काहीही बदललेलं नसतं, मान हलवतो. एका क्षणापुरता सदतीस त्याच्याही डोक्यात चमकून गेलाच असेल की, असं त्याला स्वतःलाच वाटायला लागतं. पन्नासातून आठवर आणण्याचं गणित चौथीचं पोरगंही करील. चुकीचं उत्तर बरोबर करून घेण्यासाठी मात्र त्या गृहस्थाची मदत लागते, आणि ती तो आनंदाने करतो.

माणूस ही मदत का करतो, याचा छडा बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली लावला. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र निष्कर्ष लिहून दिला. निष्कर्ष किती जुळला याला पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी आली ४.२६. नंतर कळलं, सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आजही मानाने छापला जातो. कुडमुड्या जोशाच्या दृष्टीने मात्र त्यात नवीन काही नाही. पहाटे दारात उभं राहून, हातातलं कुडमुडं वाजवत, तो कित्येक पिढ्या हेच सांगत आलाय: पैसा येतो पण हातात टिकत नाही, लोकांचं भलं करता पण तुमच्या हाताला यश नाही, मनात एक गोष्ट आहे ती घरातल्या माणसालाही बोलला नाहीत. ज्याच्या हातात पैसा टिकतो असा माणूस महाराष्ट्रात कोणाला भेटलाय? भेटला तरी तो तसं कबूल करणार नाही. जोशाच्या वाक्यात तपशील नसतोच. तो ऐकणारा स्वतःच्या पदरचा घालतो: टिकला नाही तो पैसा म्हणजे मेहुण्याला दिलेला, बोललो नाही ती गोष्ट म्हणजे प्लॉटची. आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगताना म्हणतो, “अहो, त्याने मेहुण्याचं नावसुद्धा घेतलं!”

इथे एक शंका रास्त आहे. माणूस बोलतो, हुंकार देतो, म्हणून काम सोपं होतं. पण जिथे समोरचा अवाक्षर काढत नाही तिथे काय? याचं उत्तर बर्लिनच्या एका घोड्याने दिलं. विल्हेल्म फोन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून उत्तराइतके खूर आपटायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने त्याला तपासलं आणि लबाडी काही दिसत नाही असं सांगितलं. ते खरंच होतं, मालक लबाड नव्हता. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने १९०७ मध्ये दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित बंद पडतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. म्हणजे गणित घोड्याला येत नव्हतं, माणसं येत होती. आपल्याकडे हे तंत्र उलट्या बाजूने पूर्णत्वाला नेलेलं आहे. नंदीवाल्याचा बैल यंदा पाऊस पडेल का, पोरीचं लग्न जमेल का, या प्रश्नांना मान डोलावतो. त्याला इशारा मालक देतो आणि मालकाला गिऱ्हाइकाचा चेहरा. बर्लिनच्या समितीत एखादा नंदीवाला घेतला असता तर तीन वर्षं वाचली असती. पण सरकारी समित्यांवर अनुभवी माणूस घेण्याची पद्धत तेव्हा जर्मनीतही नसावी.

गिऱ्हाइकाचा चेहरा काढून घेतला की काय होतं, याचा पुरावा तर पुण्याचाच आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २००८ साली ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली एवढंच विचारलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त बरोबर आली ती चाळीसपैकी २४. सरासरी निम्म्याच्याही खाली गेली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं आणि दक्षिणाही वाचली असती. यातून ज्योतिष खोटं ठरलं असं म्हणून लोक थांबतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: हेच ज्योतिषी आपल्या बैठकीत, आई-बाप समोर बसलेले असताना, इतके चुकत नसणार. कारण तिथे आई पदराशी चाळा करत असते, बाप “शाळेत कसा आहे?” या प्रश्नावर खिडकीबाहेर बघतो, आणि पत्रिकेतला शनी नेमका काय म्हणतोय ते स्पष्ट व्हायला लागतं. टपालाने आलेल्या पत्रिकेला आई-बाप नव्हते. बिचाऱ्या ज्योतिष्यांना आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने काम करावं लागलं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं खरं असेल तर शिकायचं काय उरलं? समोरचा सगळं करणार असेल तर डॉलर कशाला मोजायचे? याचं उत्तर कोरिंडा नावाच्या इंग्रज कलाकाराच्या ‘थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम’ या ग्रंथात आहे. मनकवडेपणाच्या विद्यार्थ्याला हे पुस्तक टाळता येत नाही. त्यातली दुसरी पायरी म्हणजे पेन्सिल, ओठ, आवाज आणि स्पर्श वाचणं: पेन्सिलीच्या शेंड्याच्या हालचालीवरून कागदावर काय लिहिलं ते ओळखायचं, न ऐकता ओठांवरून शब्द पकडायचा, हाताला हात लावून मनाचा कल हेरायचा. साहेबाला ही पायरी सराव करकरून चढावी लागते. भिवंडीत ती कामाच्या वेळात चढून होते. यंत्रमागाच्या खटखटाटात शेजारच्या मागावरच्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो. तिथे ओठांवर आणि बोटांवर बोलणं चालतं. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकांनी याच कारणाने ओठांची एक बोलीच घडवली होती. स्पर्शाचं म्हणाल तर याच ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ म्हशाला पौष पौर्णिमेच्या जत्रेत गुरांचा बाजार भरतो. गुरांच्या बाजारातली जुनी रीत म्हणजे उपरण्याखाली हातात हात घालून भाव ठरवायचा. बोटं किती दाबली तो आकडा, आणि ती सैल पडायला जो अर्धा क्षण लागला तो मालकाचा खरा आकडा. वाशीच्या बाजार समितीत हापूसचे सौदेही असेच रुमालाखाली होत आले, आणि ज्याचा आंबा त्यालाच भाव कळत नाही अशी बागायतदारांची तक्रार आहे. याला एकोणिसाव्या शतकातले युरोप-अमेरिकेतले कलाकार स्नायुवाचन म्हणत, कोट-टोपी घालून त्याचे प्रयोग लावत आणि राजे-महाराजे ते थक्क होऊन बघत. आपल्या दलालांनी तिकीट लावलं नाही. त्यांनी कमिशन घेतलं.

राहनाळ–काल्हेर पट्ट्याला तर ही विद्या जकातीने दिली असं म्हणता येईल. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात, म्हणून मुंबईचा माल हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यात येऊन थांबायला लागला. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली. इथला मुरलेला हमाल बंद खोकं उचलल्याबरोबर आत काच आहे की कापड ते सांगतो. नवा डिलिव्हरीवाला पोरगा “गेटच्या आत, टपरीच्या मागे, दुसरा गाळा, निळं शटर” एवढ्या पत्त्यावर, जिथे सगळीच शटरं निळी आहेत, पत्ता सांगणाऱ्याच्या आवाजावरून बरोबर दारात पोचतो. यांच्यापैकी कोणालाही मेंटॅलिस्ट म्हणण्याची पद्धत नाही. म्हटलं तर पगार वाढवून मागतील.

तरी व्याख्यानाची गरज उरतेच, कारण हमाल चुकला तर खोकं फुटतं आणि कलाकार चुकला तर त्याचं काय होतं हे हमालाला माहीत नसतं. धंद्यातला माणूस जी खरी गोष्ट विकतो ती चुकण्याची विद्या. मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणणारा युरी गेलर १९७३ साली अमेरिकन टीव्हीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात आला. कार्सन स्वतः जुना जादूगार. त्याच्या माणसांनी आधी जेम्स रँडी या दुसऱ्या जादूगाराचा सल्ला घेतला होता आणि सामान गेलरच्या हाती लागू दिलं नव्हतं. गेलर काहीच करू शकला नाही, आज शक्ती जोरात नाही एवढं म्हणाला. त्याची दुकानदारी त्या रात्री बंद व्हायला हवी होती. झालं उलटंच. लोक म्हणाले, युक्ती असती तर दर वेळी जमली असती. जमली नाही म्हणजे शक्ती खरी असणार. हा तर्क ज्याला पचला त्याला कुठलीही लोणकढी थाप पचते, आणि बहुसंख्य प्रेक्षकांना तो पचतो. म्हणून व्याख्याते मुद्दाम थोडं चुकायला शिकवतात. नाव ‘सुनीता’ असेल तर आधी “स... सुजाता?” म्हणायचं, कपाळाला हात लावायचा, आणि मग पोचायचं. सरळ सांगितलं तर प्रेक्षक कागद कुठे होता ते आठवायला लागतो. धडपडत सांगितलं तर तो मनातल्या मनात कलाकाराला ढकलायला लागतो. असा ढकलणारा प्रेक्षक नंतर शंका घेत नाही, कारण यशात त्याचाही वाटा असतो. मग कलाकार हे गुपित विकतो कसं, हा प्रश्नही सुटतो. विकून त्याचं काही जात नाही. पोहायचं व्याख्यान ऐकून कोणी नदी पार केलेली नाही, आणि लग्नाच्या हंगामाबाहेर व्याख्यानाचं उत्पन्न बरं पडतं.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र नीतीचा आहे. हेच तंत्र बाबा वापरतो, हेच मेंटॅलिस्ट. मग हे शिकवणं म्हणजे भोंदूंची शाळा नव्हे काय? जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात हा वाद उघड्यावर आला. बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींनी आमच्यासमोर लोकांच्या मनातलं अचूक ओळखून दाखवावं, तीस लाख रुपये देऊ, असं आव्हान अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानव यांनी दिलं. शास्त्रींकडून उत्तर आलं, रायपूरला या. मानव म्हणाले, नागपुरातच व्हायला हवं. पोलिसांनी चौकशी करून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दिसत नसल्याचं कळवलं, आणि परीक्षा स्थळाच्या मुद्द्यावर राहिली ती राहिलीच. त्याच दिवसांत मेंटॅलिस्ट सुहानी शाह वृत्तवाहिन्यांवर येऊन निवेदकांच्या मनातली नावं सांगत होती आणि वर म्हणत होती, ही कला आहे, यात शक्ती-बिक्ती काही नाही. माझ्या मते आक्षेपाचं उत्तर तिच्या या शेवटच्या वाक्यात आहे. तंत्र एकच, फरक फक्त बिल कशाचं लावलं याचा. आणि विद्या जितक्या जास्त लोकांना येते तितकं खोटं बिल लावणं अवघड जातं. नंदीवाल्याच्या घरात बैलाला प्रश्न विचारून कोणी लग्नं ठरवत नसणार. कायद्याबद्दल एकच तक्रार आहे. ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३’ हे नाव जो एका दमात तोंडपाठ म्हणून दाखवील, त्याच्याकडे अलौकिक शक्ती आहे असा संशय घ्यायला कायद्यानेच जागा ठेवली आहे.

राहता राहिली भाषेची आणि मुलखाची अडचण, आणि ती खरी आहे. परदेशी व्याख्याता सांगतो, भाजीचं नाव पटकन विचारा, लोक गाजर म्हणतात. राहनाळमध्ये भाजीचं नाव विचारलं तर आधी “कशाला, आणायचीय का?” असा प्रतिप्रश्न येईल. पन्नासच्या आतला, दोन्ही अंक विषम, ही अट ऐकून हळदीच्या मांडवात विषम म्हणजे काय यावर दोन गट पडतील आणि सदतीस बाजूला राहील. ज्याच्या त्याच्या डोक्यात आकडा असतो तो गाडीचा, गाळ्याचा किंवा हप्त्याचा. म्हणून इथल्या शिकाऊ कलाकाराने मनाच्या भरवशावर न राहता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या भरवशावर राहावं. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्याच्या शाळेत शिकले आणि देवळालीला शाळामास्तर म्हणून राहिले. त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं; अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आपल्याकडच्या गणितज्ञांनी बराच काळ याकडे करमणूक म्हणून पाहिलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि हा गार्डनर जादूच्या खेळांचाही जन्मभराचा शौकीन होता, हे काही योगायोगाने झालेलं नसावं.

६१७४ आधीच लिहून बंद पाकिटात ठेवायचं, पाकीट नवरदेवाच्या मामाच्या खिशात घालायचं आणि एखाद्याला आवडेल ती संख्या घ्यायला सांगायचं. इथे समोरच्याचं मन काहीही म्हणो, गणित आपल्या बाजूचं आहे. धोका एकच: सात वजाबाक्या. मोबाइलवर करा म्हटलं तरी चौथ्या वजाबाकीच्या वेळी नेमका फोन येतो, आणि परत येऊन माणूस भलताच आकडा दाबतो. शेवटी तो जाहीर करतो ५९२८, मामा पाकीट फोडतो, मांडव कलाकाराकडे बघतो. अशा वेळी व्याख्यानातला तो कंटाळवाणा भाग उपयोगी पडतो. त्याच्या डोळ्यांत बघायचं, तीन मोजेपर्यंत गप्प राहायचं, आणि हळू आवाजात म्हणायचं, “हिशेब करताना तुमच्या डोक्यात पैशाचा दुसराच कुठलातरी विषय चालू होता.” तो चमकून बायकोकडे बघेल आणि विचारेल, “तुम्हाला कसं कळलं?”